देवदत्तचा उजवा पाय

वरच्या खोलीत कुणीतरी देवदत्तबरोबर वाजवत होतं.

मी खालच्या सोफ्यावर पडले होते. सातवा महिना चालू होता, पाय सुजले होते, आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं तसे ते उशीवर ठेवले होते. वरून गिटार ऐकू येत होती. ती रोजचीच, तिचं काही नाही. पण गिटारच्या खाली ठेका होता. धप, छन्. धप-धप, छन्. मधूनच एखादी थाप चुकायची, मग दोन्ही थांबायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचे. नवीन माणूस बसवतात तेव्हा असंच चालतं, हे मला न सांगता कळत होतं.

कोण बसलीय? माझ्या मनात पहिला प्रश्न हाच आला. 'बसलाय' नाही, 'बसलीय'. देवदत्तच्या गंगापूर रोडच्या क्लासमधली ती उंच मुलगी डोळ्यांपुढे आली. आमच्या प्रत्येक कार्यक्रमाला पुढच्या खुर्चीत बसायची आणि नंतर देवदत्तला विचारायची, "सर, तुम्हाला कुणी रिदमला लागलं तर सांगा हं." लागलं तर! मी काय तिथे भाजी निवडत बसलेली असायचे?

कठड्याला धरून एकेक पायरी चढत मी वर गेले. दार ढकललं. खोलीत देवदत्त एकटाच होता. खुर्चीवर बसलेला, मांडीवर गिटार, डोळे मिटलेले. त्याचा उजवा पाय एका पाटावर होता. टाच पडली की धप व्हायचं, चवडा पडला की पाटाच्या पुढच्या कडेला ठोकलेले घुंगरू वाजायचे. पाटाखालून एक वायर निघून स्पीकरमध्ये गेली होती.

"कोण आहे?" मी तरीही विचारलं.

त्यानं डोळे उघडले. "वृषा! जिना कशाला चढलीस? मी आलो असतो ना खाली. बघ, जमतंय. खाली नाण्याएवढा माईक चिकटवलाय. तू नसशील ते तीन-चार महिने निभतील."

मी पाटाकडे बघत होते. पितळी फुलं जडवलेला, शिसवी. माझ्या रुखवतातला. आईनं सिन्नरच्या सुताराकडून खास जोडी करून घेतली होती, नवऱ्याला एक, नवरीला एक.

"हा रुखवतातला पाट आहे, देवदत्त."

"माझा घेतलाय. तुझा आहे तसाच आहे कपाटावर."

"तू त्याला खिळे ठोकलेस."

"चार छोटे. अगं, त्याचा आवाज ऐक ना! प्लायवूडची पेटी करून बघितली, ती नुसतीच बद बोलते. हा बघ कसा गोड बोलतो." आणि त्यानं टाच मारली.

मी ढोलकी वाजवणाऱ्याच्या घरात वाढले. अण्णा, म्हणजे माझे वडील, आमच्या गावच्या भजनी मंडळात चाळीसेक वर्षं ढोलकी आणि मृदंग वाजवत होते. आमच्या घरात वाद्याला चुकून पाय लागला तर हात लावून कपाळाला लावायचा, हे बोलायला येण्याआधी शिकवलेलं. आणि इथे माझा नवरा वाद्याला पायच लावून बसला होता, तोही जेवायच्या पाटावर टाचा मारत. तळपायाची आग मस्तकात गेली. पण खरं सांगायचं तर ती आग पाटाची नव्हती, खिळ्यांचीही नव्हती. चार महिन्यांसाठी माझी जागा भरायला त्याला माणूसही लागलं नाही, ही होती. ती उंच मुलगी बसलेली असती तर निदान तिला नावं तरी ठेवता आली असती.

"छान आहे," मी म्हटलं, आणि कठड्याला धरून खाली आले.

आमची जोडी तेव्हा नाशिकच्या आसपास बऱ्यापैकी माहीत होती. देवदत्त गिटार वाजवायचा, मी काहोन. काहोन म्हणजे लाकडी पेटी, तिच्यावरच बसायचं आणि पायांमधून वाकून पुढच्या फळीवर थापा मारायच्या. ढोलकीवरून मी तिच्याकडे आले ती लग्नानंतर, कारण गिटारला ती जास्त शोभते. पोट पुढे आल्यावर वाकणं बंद झालं, म्हणून काहोन बंद झाली. ढोलकी मांडीवर घेऊन बघितली, तर मांडीवर जागाच नव्हती.

धरणाच्या बाजूला एका द्राक्षमळ्यात रेस्टॉरंट आहे. तिथे दर रविवारी दुपारी जेवणाच्या वेळी आमचा कार्यक्रम असायचा. मांडवाखाली लहानसा चौथरा, मधे देवदत्त, त्याच्या डाव्या हाताला मी. गाणं रंगात आलं, लोक टाळ्यांचा ठेका धरायला लागले की देवदत्त मान वळवून माझ्याकडे बघायचा. खालचा ओठ दातांत धरून, किंचित हसून. मीही हसायचे. समोरच्या टेबलांवरच्या बायका नवऱ्यांना कोपरानं ढोसायच्या, बघा, शिका काहीतरी. मॅनेजर भालेराव तर म्हणायचा, "वहिनी, लोक जेवायला येतात ते खरं, पण परत येतात ते तुम्हा दोघांचं ते बघणं बघायला." मी वरवर "काहीतरीच" म्हणायचे. त्या एका बघण्यासाठी मी आठवडाभर जे काय करायचे ते करायचे.

दिवाळीनंतर अण्णा मला सिन्नरला घेऊन गेले. पहिलं बाळंतपण माहेरीच. देवदत्त रोज संध्याकाळी फोन करायचा. तब्येत विचारून झाली की म्हणायचा, "थांब, ऐक," आणि फोन पाटाजवळ ठेवून वाजवायचा. आधी साध्या चाली, मग अवघड. डिसेंबर संपेपर्यंत त्याचा पाय इतका सुटला की टाचेनं एक आणि चवड्यानं दुसरं असं चालायला लागलं. मी अंथरुणात पडून ऐकायचे आणि मनात म्हणायचे, मेल्या, मी हे बोटांनी करायला दोन वर्षं घेतली.

एके दिवशी त्यानं 'घाट' वाजवलं. ही त्याची स्वतःची चाल. सावकाश सुरू होते, जड गाडी कसारा चढते तशी, आणि वळणावळणानं वर जाते. शेवटपर्यंत वेग वाढल्यासारखा वाटतो पण वाढवायचा नसतो, तिथेच तिची गंमत आहे. मी कान देऊन ऐकलं. तिसऱ्या वळणापाशी मला काहीतरी खटकलं.

"कसं झालं?" त्यानं विचारलं. धापा टाकत होता.

"देवदत्त, तुझा पाय पळतोय."

"म्हणजे?"

"हात तापला की पायही तापतो. दोघं मिळून पळतात. तिसऱ्या वळणापासून."

तो हसला. "फोनवर ऐकून?"

"फोनवर ऐकून."

"वृषा, खरं सांग. जळतेस ना?"

"कुणावर?"

"माझ्या पायावर!"

तो हसत होता, लाडानंच म्हणाला होता. पण माझ्या नाकाला अशी मिरची झोंबली की मी "आई हाक मारतेय" म्हणून फोन ठेवला. आई देवळात गेली होती.

त्या बोलण्यानं माझं जे नुकसान झालं ते असं, की मला माझ्या कानाचा भरवसा उरला नाही. कारण जळत तर मी होतेच. इतकी जळत होते की त्याच्या पायाला पेटका यावा असंही एकदा मनात येऊन गेलं, पोटावर हात ठेवून लगेच जीभ चावली. मग पाय पळत होता तो खरंच पळत होता, की मला पळायला हवा होता म्हणून पळताना ऐकू येत होता?

दुसऱ्या दिवशी मी अण्णांना फोन ऐकायला बसवलं. ते डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकत बसले.

"पळतोय ना?" मी फोनवर हात धरून विचारलं.

"मला या डबड्यात निम्मं ऐकायला येत नाही," अण्णा म्हणाले. "तुला काय वाटतं?"

"मला वाटतं पळतोय."

"हां. पण तुझा कान बोलतोय का तुझा राग बोलतोय, ते मी कसं सांगू, बाई? समोर जाऊन बस आन् ऐक एकदा."

समोर कुठून बसणार? पोटाचा तंबोरा झाला होता.

शर्वरी जानेवारीत झाली. गोरी, टकली, आणि आवाज असा की शेजारच्या गल्लीत कळायचं. दिवेलागणीला जी रडायला सुरुवात करायची ती थांबायचं नाव नाही. आईनं ओवा शेकून पाहिला, मीठ-मोहऱ्या ओवाळून झाल्या. मी तिला मांडीवर घेऊन थोपटायचे. ढोलकीवर जन्म गेलेला माझा हात, पण माझ्या पोरीला तो काही मानवत नव्हता.

शनिवारी देवदत्त आला. ती रडतच होती. तो समोरच्या खुर्चीत बसला आणि सवयीनं त्याचा उजवा पाय जमिनीवर पडायला लागला. धप. धप-धप. गिटार नाही, घुंगरू नाहीत, नुसती शहाबादी फरशी. शर्वरीनं रडं अर्ध्यावर सोडलं. मान वळवली. आणि बघता बघता तिचे डोळे मिटले.

"अगंबाई!" आई म्हणाली. "देवदत्तराव, तुमचा पाय ओळखते हो पोर! पोटात असताना ऐकलाय ना, वरच्या खोलीत."

"हो का?" देवदत्त लाजून इतका खूश झाला की बघवत नव्हतं.

"बघ गं वृषे, बापाच्या पायात काय जादू आहे."

मी झोपलेल्या पोरीचं दुपटं नीट केलं. नऊ महिने पोटात मी वागवली, कळा मी दिल्या, रात्री जागवते मी, आणि ओळखते कुणाला तर त्याच्या टाचेला! स्टेजवरची जागा गेली ती गेली, आता ही पण. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि गरज नसताना डिंकाचे लाडू मोजत उभी राहिले. मोजतानाही चुकले.

सव्वा महिना झाला आणि देवदत्त आम्हाला न्यायला आला. गाडीत त्यानं सांगितलं, "महिनाअखेरीला हंगामाचा मोठा कार्यक्रम आहे. पाहुणे येणार आहेत, मुंबईचे, पुण्याचे. मळ्याचे मालक स्वतः येणार."

"मी येते वाजवायला," मी म्हटलं. "पोट गेलंय आता. वाकता येतं."

तो रस्त्याकडे बघत राहिला.

"अगं, भालेरावनं पोस्टर छापलंय. एकट्याचं."

"एकट्याचं?"

"'एकटा माणूस, अख्खा बँड' असं काहीतरी लिहिलंय. मी नाही सुचवलं हं! लोकांना आवडायला लागलंय पायाचं. भालेराव म्हणतो, मालकांना हा कार्यक्रम आवडला तर पुढच्या हंगामापासून एकट्याचाच ठेवू. पुण्यालाही त्यांचं एक नवीन ठिकाण होतंय, तिथेही." मग घाईघाईनं म्हणाला, "तुझीही दगदग वाचेल. पोरगी लहान आहे. परत यायचं का, हे आपण नंतर बघू ना निवांत."

आम्ही दोघं नवराबायको असे आहोत की भांडताना आवाज चढवत नाही. मी म्हटलं, "बघू की." शर्वरी मांडीवर झोपली होती. गाडी शिंदे टोलनाका ओलांडेपर्यंत मी खिडकीबाहेर बघत होते आणि डोळे पुसायला पदराऐवजी दुपटं वापरत होते, म्हणजे त्याला वाटावं पोरीचं काहीतरी पुसते आहे.

कार्यक्रमाला मी गेले. घरी बसले असते तर भिंतींवर डोकं आपटलं असतं. भालेरावनं धावत येऊन पुढच्या रांगेत खुर्ची दिली. "वहिनी, अभिनंदन! काय गोड आहे हो बाळ! आता तुम्ही निवांत बसा, ऐका. एवढी वर्षं वाजवलंत, आता पाहुण्या म्हणून या."

पाहुण्या! मी हसून मान हलवली. चौथऱ्याकडे बघितलं. मधे त्याची खुर्ची, खुर्चीपुढे माझ्या रुखवतातला पाट. आणि खुर्चीच्या डाव्या हाताला, जिथे माझी काहोन असायची, तिथे द्राक्षांची टोपली सजवून ठेवली होती. काळी द्राक्षं, वर वेलीची पानं. जागा रिकामी दिसू नये म्हणून.

देवदत्त आला, टाळ्या झाल्या. बसण्याआधी तो वाकला, पाटाला हात लावला आणि तो हात कपाळाला लावला. हे तो कधीपासून करायला लागला होता, मला माहीत नव्हतं. मग त्यानं चप्पल काढली आणि पाय पाटावर ठेवला.

पहिल्या दोन-तीन चाली फार सुंदर झाल्या. फोनवर जे येत नव्हतं ते इथे येत होतं. पाटाचा तो खोल, ओलसर आवाज. शेजारच्या टेबलावरच्या बाई नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, पायानं करतोय तो ते! मागे कुणीच नाहीये!" मालक, पांढऱ्या सदऱ्यातले उंच गृहस्थ, भालेरावकडे बघून मान डोलवत होते. शर्वरी माझ्या खांद्यावर गाढ झोपली होती, अर्थातच. बापाचा पाय चालू होता ना.

मी कान लावून बसले होते आणि पळण्याची वाट बघत होते. पाय कुठेच पळत नव्हता. म्हणजे तो राग होता, कान नव्हता. अण्णांची शंका खरी होती. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती, आणि लाजेपेक्षाही मोठं म्हणजे, आता आपण संपलो असं वाटलं.

शेवटी त्यानं 'घाट' घेतलं.

पहिलं वळण. दुसरं वळण. लोक सरसावून बसले. तिसऱ्या वळणाला कुणीतरी टाळीचा ठेका धरला, बघता बघता सगळा मांडव टाळ्या वाजवायला लागला. आणि पाय पळाला.

थोडासाच. दुसऱ्या कुणाच्या लक्षातही आलं नसतं. पण टाळ्या पायामागे धावल्या, हात टाळ्यांमागे, पाय हातामागे, आणि चालीतला सगळा चढ सपाट व्हायला लागला. आता ती गाडी घाट चढत नव्हती, उतारावर सुटली होती. शेवटचं वळण मला माहीत होतं. तिथे बोटांना जे करायचं असतं ते या वेगात होणारच नव्हतं. सगळ्यांसमोर, मालकांसमोर, तिथे तो आपटणार होता.

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? अंगावर शहारा येईल इतका आनंद झाला. माझा कान खरा होता! पडू दे आता. कळू दे सगळ्यांना, टोपली ठेवून जागा भरत नाही ते.

आणि तेवढ्यात देवदत्तनं मान वळवली.

डावीकडे. खालचा ओठ दातांत धरून. त्या द्राक्षांच्या टोपलीकडे. तेच बघणं, तसंच, ज्याच्यावर बायका नवऱ्यांना कोपरं मारायच्या, ज्याच्यासाठी मी आठवडे काढायचे. पण त्यात हसू नव्हतं. मी बाजूला बसून ते घेत होते तेव्हा मला हसू दिसायचं. आज समोरून बघितलं तर ते बुडणाऱ्याचं बघणं होतं. तो पळायला लागला की त्याच्या अंगाला ते कळायचं, आणि थांबवता यायचं नाही, आणि तो माझ्याकडे बघायचा. मी हसायचे, हसताना माझा हात आपोआप जरा उंच जायचा, थाप जरा थांबून पडायची, आणि तो परत यायचा. इतकी वर्षं. आम्ही दोघंही त्याला दुसरंच काहीतरी समजत होतो.

टोपली काय करणार होती?

तेवढ्यात शर्वरी जागी झाली. पाय पळाला तशी तिची झोप मोडली. तिनं मान ताठ केली, तोंड वाकडं केलं, आता भोकाड पसरणार हे मी ओळखलं. माझा हात तिच्या पाठीवर गेला. मी काही ठरवलं नव्हतं. पोर रडायला लागली की हात जातो. मी थोपटायला लागले, 'घाट'च्या खऱ्या चालीत, कारण त्या क्षणी डोक्यात तीच होती. हात वर, थांब, खाली. हात वर, थांब, खाली.

टोपलीवरून देवदत्तची नजर उठली, मांडवभर भिरभिरली, आणि माझ्या हातावर येऊन थांबली.

मला दिसलं की तो बघतोय. तेव्हा मी हात खाली घेऊ शकले असते. पोर तोवर गप्प झाली होती, थोपटायची गरज उरली नव्हती. भालेराव, पुणं, पुढचा हंगाम, सगळं मला कळत होतं. मी हात खाली घेतला नाही. उलट जरा उंच नेला.

त्याची टाच एकदा अडखळली. मग थांबून पडली. मग पुन्हा. हात पायामागे आला, टाळ्या गोंधळून विरल्या, आणि गाडी पुन्हा चढाला लागली. शेवटचं वळण त्यानं असं घेतलं की माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. शर्वरी पुन्हा झोपली. माझ्या हाताखाली.

लोक उभे राहिले. भालेराव माझ्याजवळ येऊन ओरडत होता, "वहिनी! बघितलंत? शेवटी मुद्दाम वेग वाढवून कसा खाली आणला! एकट्या माणसानं! मालक म्हणाले, पक्कं!"

"हो ना," मी म्हटलं. "कमाल आहे."

आम्ही घरी निघालो. पाट मागच्या सीटवर होता, खड्डा आला की घुंगरू वाजायचे.

"पळत होतो ना?" देवदत्तनं विचारलं.

"हो."

"आजच?"

"डिसेंबरपासून."

"मग बोलली का नाहीस?"

मी त्याच्याकडे बघितलं. त्याला आठवलं. कानापर्यंत लाल झाला.

"मला वाटलं तू..."

"तेही खरंच होतं," मी म्हटलं. "जळतच होते. अजून जळतेय. पण पाय पळत होता."

पुढे एका उसाच्या रसवंतीपाशी त्यानं गाडी कडेला घेतली आणि बंद केली. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसला.

"भालेरावला काय सांगू? पुण्याचं पण पक्कं म्हणतोय तो."

"जे आहे ते सांग. म्हणावं, माझी बायको फार जळकी आहे. तिला माझा पाय बघवत नाही. ती शेजारी बसल्याशिवाय मी वाजवायचं नाही असं तिनं बजावलंय."

तो माझ्याकडे बघायला लागला. ओठ दातांत धरून. मग मोठ्यानं हसला, आणि तिथूनच फोन लावून शब्दशः तसंच सांगितलं. पुण्याचं काम गेलं. नाशिकचं राहिलं. भालेराव आजही नवीन माणसांना माझी ओळख 'आमच्या जळक्या वहिनी' अशीच करून देतो, आणि मी नमस्कार करते.

शर्वरी आता नववीत आहे, आणि तिला गाणं-बिणं काही येत नाही, ती धावते. मी काहोनवर बसते, त्याच्या डाव्या हाताला. पाट देवदत्तनं सोडला नाही, आणि मीही सोडायला लावला नाही, कारण लोकांना तो आवडतो आणि वाजतो खरोखर गोड. दर कार्यक्रमात एक चाल तो एकट्यानं वाजवतो, गिटार आणि पाय. तेवढ्यापुरती मी उठते, चौथरा उतरते आणि समोर जाऊन उभी राहते, त्याला दिसेल अशी. लोकांना वाटतं, काय कौतुक आहे बाईला नवऱ्याचं. कौतुक आहेच. पण तो पाटाला नमस्कार करून पाय ठेवतो तेव्हा मीही मनातल्या मनात हात जोडते आणि दर वेळी एकच मागते, की थोडासा पळू दे.